चाखल्याशिवाय खिडकी उघडत नाही

आमच्या मेहुण्याला अख्खा कारखाना झारा म्हणायचा. आता तुम्ही म्हणाल, कॅन्टीनचा आचारी, हातात झारा, म्हणून झारा. छे हो! झाऱ्यात जसं काही साचत नाही, तसं याच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी याच्या कानात टाकलेली गोष्ट दुपारपर्यंत चारशे माणसांना आमटीबरोबर वाढून झालेली असायची. वर शपथेवर सांगायचा, "दाजी, मी कुणाला सांगितलं नाही. फक्त विचारलं, हे खरं का म्हणून."

मी त्याच कारखान्यात फिटर. तेव्हा दाजी नव्हतो, नुसता ताट पुढे करणारा एक हात होतो. कारण कॅन्टीनची खिडकी होती बुटकी. आतून फक्त हात दिसायचे. झारा माणसं हातांवरून ओळखायचा. हा काळ्या नखांचा वेल्डर, हा थरथरणारा रंगारी, हा अर्ध्या बोटाचा फिटर. अर्ध्या बोटाचा म्हणजे मी. एकदा त्याची थोरली बहीण त्याचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती. मी ताट घेताना सहज म्हणालो, "तुझी ताई दिसायला बरी आहे रे." एवढंच. चार वाजेपर्यंत रंगाऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे माझं अभिनंदन करून गेले. तोंडं बंद करायला एकच उपाय उरला होता, तो मी केला. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. बायको अजून म्हणते, "नुसतं बरी म्हणाला होतात ना?"

असो. गोष्ट झाऱ्याची आहे.

त्या कॅन्टीनात एक कडक रिवाज होता. जेवण तयार झालं की पहिलं ताट बाहेर जायचं नाही. ते चाखणाऱ्याकडे जायचं. कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर हा चाखणारा. त्यानं घास खायचा, वहीत शेरा मारायचा, सही करायची, मग खिडकी उघडायची. चारशे माणसं भुकेनं ताटं बडवत असली तरी सहीशिवाय खिडकी उघडत नसे. झाऱ्यानं एकतीस वर्षं हा नेम पाळला. आणि कंपाउंडरनं एकतीस वर्षं एकच शेरा मारला. 'ठीक.' भात करपला, ठीक. आमटीत मीठच नाही, ठीक. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. तो चहा मी प्यालोय, मला ठाऊक आहे. कंपाउंडरचा शेरा? ठीक. तो म्हणे ताटाकडे न बघताच सही करायचा, कारण घरून डबा आणायचा.

झारा निवृत्त झाला तेव्हा एक कोरी वही घरी घेऊन आला. कशाला, ते त्यालाही ठाऊक नसावं. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, आणि चारशे माणसांना जेवू घालणारा हा बाबा शेगडीपुढे उभ्या उभ्या पातेल्यातून खाऊ लागला. ताट कुणासाठी घ्यायचं, असा त्याचा सवाल. त्याला एक लेक. ती दूरच्या शहरात औषधांच्या दुकानात काम करते. तिचं बोलणंही पुडीवर लिहिल्यासारखं. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, हलवून घेणे. आणि तिची पोरगी सात वर्षांची, अंगानं अशी की आम्ही तिला शेंगच म्हणतो. पाऊस आला तर दोन थेंबांच्या मधून जाईल.

झाऱ्याला एकच हवं होतं. सुट्टीचा एक महिना शेंग त्याच्याकडे राहायला हवी होती. त्यासाठी तो लेकीला दर रविवारी फोन करायचा. आणि लेक दर रविवारी म्हणायची, "बाबा, ती काही खात नाही. जे पांढरं असेल तेच खाते. दूध, केळं, पावाच्या आतला भाग, उकडलेला बटाटा. तुम्ही तिला चारशे जणांचं जेवण घालाल आणि ती आजारी पडेल."

शेवटी आमच्या हिनं मध्ये तोंड घातलं. आमची दोन नातवंडं आणि शेजारच्या शिंप्याची जुळी पोरं तळ्याकाठी तंबू ठोकून दोन दिवस राहणार होती. आम्ही म्हातारे बरोबर जाणारच होतो. ही फोनवर भाचीला म्हणाली, "अगं, शेंगेला पाठव. उघड्यावर पोरं दगडसुद्धा चघळतात."

लेकीनं विचार केला आणि अट घातली. "बरं आत्या. शनिवार-रविवार. बाबांच्या हातचं ती दोन दिवस धड जेवली, तर महिनाभर ठेवते. नाही जेवली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. मी स्वतः येऊन बघणार."

फोन ठेवल्यावर झारा आमच्या ओसरीत असा बसला, जणू त्याला परत कामावर घेतलंय.

"ताई, किती पोरं?"

"पाच."

त्याचा चेहरा पडला. "पाच? पाचाचं मला येत नाही गं. माझा हात चारशेवर बसलाय."

मग त्यानं डोकं चालवलं. चारशेला ऐंशीनं भागलं की पाच! झालं, सगळं ऐंशीनं भागायचं. चारशे माणसांना चाळीस किलो बटाटे, तर पाचांना अर्धा किलो. दोन किलो मीठ, तर पंचवीस ग्रॅम. रात्रंदिवस कागदावर हेच. ही म्हणाली, "अरे मुडद्या, पाच पोरांचं खाणं म्हणजे डोळे मिटून दोन पातेली. त्याला गणित कशाला?" पण झारा ऐकेना. एकच अडचण आली. चारशे माणसांच्या सूपला तो एक मूठ मिरपूड टाकायचा. आता मुठीला ऐंशीनं कसं भागणार? मूठ ती मूठ. त्यानं ती तशीच ठेवली.

आणि आम्हा तिघा म्हाताऱ्यांना त्यानं धरलंच नाही. विचारलं तर म्हणतो, "कॅन्टीनवाले उरलेलं खातात, दाजी. तोच नियम आहे."

शनिवारी सकाळी तळ्यावर पोचलो. छान जागा होती. एक नळ, एक लाकडी टेबल, दगडांची गोल चूल, आणि चार झाडं. शेंगेला तिची आई सकाळीच सोडून गेली होती. पोरगी हात पाठीमागे बांधून उभी, सगळ्यांकडे अशी बघत होती की जणू आम्हीच तिच्या परीक्षेला बसलोय. बाकीच्या चौघांनी तंबू उभा केला, तो पडला, परत केला, परत पडला. झाऱ्यानं तोवर सूप चढवलं. बटाटा, गाजर, कांदा, मका. वास असा की मी दोनदा उगाच चुलीजवळून फिरून आलो.

बारा वाजता सूप तयार. पोरं वाट्या घेऊन आली. झारा डाव घेऊन उभा राहिला आणि थांबला.

"चाखणारा कोण?"

मी म्हणालो, "मी!" इतक्या चटकन मी शाळेतही कधी हात वर केला नव्हता.

"तुम्ही नाही दाजी. तुम्ही कशालाही ठीक म्हणाल. तुम्ही तो मिठाचा चहा प्यालात."

मग त्याची नजर शेंगेवर गेली. ती टेबलाच्या टोकाला बसली होती आणि खाण्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. झाऱ्यानं पिशवीतून ती कोरी वही काढली, पेन काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. गंभीरपणे म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही चाखल्याशिवाय खिडकी उघडत नाही."

शेंग म्हणाली, "इथे खिडकी कुठाय?"

"आहे असं समजायचं."

"आणि मला आवडलं नाही तर?"

"तर शेरा लिहायचा. नापास म्हणून. मग कुणीच खायचं नाही."

आता या माणसाला एकतीस वर्षांत कुणी नापास म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे म्हटलं तर काय होईल, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. शेंगेनं अर्धा चमचा सूप घेतलं. तिचे डोळे एवढे मोठे झाले. मिरपुडीची मूठ! तिनं घटाघटा पाणी पिऊन पेन उचललं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'तिखट. नापास.' खाली नाव.

झाऱ्यानं ते वाचलं. डाव खाली ठेवला. आणि पातेल्यावर झाकण घातलं.

"अरे!" ही ओरडली. "बाकीची चार पोरं उपाशी आहेत!"

"ताई, शेरा आहे."

"शेरा गेला चुलीत!"

"नियम आहे."

एक वाजता नूडल्स झाल्या. त्यात वाटाणे, गाजराचे तुकडे. शेंगेनं एक तार तोंडात घातली. 'हिरवं आहे. नापास.' दोन वाजता अंडी फेटून परतली. 'ओलं आहे. नापास.' अडीच वाजता तीच अंडी कोरडी करून. 'आता कोरडं आहे. नापास.' शिंप्याची जुळी पोरं आता तंबूच्या दोऱ्या चावायला लागली होती. आमचा थोरला नातू मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजोबा, तिला तळ्यात टाकू का?" मी म्हणालो, "आधी तिच्याकडून सही घे, मग टाक."

मी खोटं कशाला बोलू, अडीच वाजता झाडामागे जाऊन पावाचे चार तुकडे कोरडेच खाल्ले. परत आलो तर धाकटी नात पोटावर हात ठेवून उभी. म्हणाली, "तुमच्या मिशीला पाव लागलाय." झालं! चौघं पोरं झाडाकडे धावली आणि उरलेला पाव संपवून आली. शेंग मात्र जागची हलली नाही. ती चाखणारी होती. चाखणाऱ्यानं झाडामागे खायचं नसतं, असं तिचं मत.

आणि मला इथे खरी गंमत वाटली ती झाऱ्याची. मला वाटलं होतं हा रडकुंडीला येईल. महिना हातचा चालला होता ना! दुपार टळत आली तरी पोरीच्या पोटात चार चमच्यांपलीकडे काही नाही, आणि उद्या तिची आई येणार. पण हा तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि विचारू लागला. "तिखट म्हणजे जिभेला की घशाला? हिरवं म्हणजे रंग की चव?" प्रत्येक उत्तर वहीत शेऱ्याशेजारी लिहून घेत होता. हळूच मला म्हणाला, "दाजी, एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं अन्न चाखलंय हो."

मी म्हणालो, "चाखलंय खरं. पण खाल्लं कुणीच नाही."

तो परत तिच्याकडे वळला. "बाईसाहेब, चारही वेळा नापास. पण बटाटा तर तुम्हाला आवडतो. सूपमध्ये बटाटा होता. मका आवडतो?"

"हो."

"तोही होता."

शेंग वैतागली. "हो, पण सगळं एकमेकांना लागलंय ना! बटाट्याला गाजर लागलंय. गाजराला कांदा लागलाय. मला कळतच नाही मी काय खातेय."

झारा तिच्याकडे बघतच राहिला. मग उठला, आणि साठीच्या पुढचा माणूस कसा धावतो ते मी पाहिलं. त्यानं सकाळचे घरून उकडून आणलेले बटाटे काढले. मक्याचे दाणे वेगळ्या वाटीत. किसलेलं चीज वेगळं. उकडलेल्या अंड्याचा चुरा वेगळा. वाटाणे, कांदा, टोमॅटो, लोणी, मीठ, सगळ्याला वेगळी वाटी. कारखान्यात खणांची ताटं होती, प्रत्येक पदार्थ आपापल्या खणात, कुणी कुणाच्या हद्दीत जायचं नाही. तसंच त्यानं टेबलावर मांडलं. मग प्रत्येक पोराला चंदेरी कागदाचा एक चौकोन दिला.

"ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. बटाटा मधोमध फोडा, त्यात भरा, कागद घट्ट गुंडाळा, वर आपली खूण करा. निखाऱ्यावर वीस मिनिटं."

पोरं तुटून पडली. शिंप्याच्या एका पोरानं आठच्या आठ वाट्यांतलं भरलं, त्याची पुडी उशीएवढी झाली. दुसऱ्यानं नुसतं चीज गुंडाळलं, बटाटा विसरलाच. नातवानं कांदा भरला, का तर नातीला कांद्याचा वास आवडत नाही. शेंगेनं बटाटा घेतला. मका घेतला, दाणा दाणा मोजून. चीज घेतलं. कागदाची अशा शिस्तीत घडी घातली की तिच्या आईचं दुकान आठवलं. वर पेनानं एक गोल काढला.

साडेचार वाजता पुड्या उघडल्या. वाफ निघाली, चीज ताणलं गेलं. चौघं पोरं हात भाजत, हुस्स हुस्स करत बघत होती. कुणी खाईना. सगळे शेंगेकडे बघत होते. तिनं फुंकर मारून पहिला घास घेतला. चावला. दुसरा घेतला. तिसरा घेतला.

"अगं, लिही ना!" आमची नात किंचाळली.

शेंग तोंडातलं संपवून म्हणाली, "थांब. अजून चाखतेय." आणि अख्खा बटाटा चाखून संपवला. मग लिहिलं: 'पास. पण मीठ विसरले. ती माझी चूक.'

आम्हा म्हाताऱ्यांना उरलेलं मिळालं. म्हणजे थंड सूप. मिरपुडीनं माझं नाक दोन दिवस मोकळं होतं.

रविवारी सकाळी झाऱ्यानं पोरांना बरणी दिली. घरूनच त्यात मैदा, साखर, दुधाची पूड, चिमूटभर खाण्याचा सोडा असं कोरडं भरून आणलं होतं. पाणी आणि एक अंडं घालायचं, झाकण लावायचं आणि पोरांनी बरणी हलवायची. हे काम पोरांना सांगावं लागत नाही, थांबवावं लागतं. मग तव्यावर छोटे छोटे पॅनकेक. केळ्याची साल न काढता उभी चीर द्यायची, आत चॉकलेटचे तुकडे खुपसायचे आणि निखाऱ्यावर ठेवायचं. साल काळी झाली की चमच्यानं खायचं. त्यावर शेंगेचा शेरा होता, 'केळं पांढरं राहिलं नाही. तरी पास.'

मी आणि ही एका कोपऱ्यात ठरवत होतो की भाचीला काय सांगायचं. ही म्हणाली, "सांगायचं, दोन्ही दिवस पोटभर जेवली. बास. आणि कालच्या दुपारबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही." पोरांना दम दिला. झाऱ्यालाही दम दिला. "तू तर मुळीच बोलू नकोस." झारा म्हणाला, "ताई, मी कशाला बोलू?"

दहा वाजता गाडी आली. लेक उतरली. तिचा पाय जमिनीला टेकायच्या आत झारा म्हणाला, "काल ती साडेचारपर्यंत उपाशी होती."

हिनं कपाळावर हात मारला.

"साडेचारपर्यंत?" लेक तिथेच उभी राहिली. "बाबा, मी काय सांगितलं होतं?"

"अगं, एकदा नव्हे, चार वेळा नापास केलं तिनं मला! ही बघ वही." आणि हा वही घेऊन तिच्यापुढे उभा, जणू पदक मिळालंय. लेकीनं वही वाचली. एकेक पान उलटत गेली. तिचा चेहरा औषधाच्या बाटलीसारखा, आत काय आहे ते दिसेना.

"वाटाणे चाखले तिनं?"

"एक. पण चाखला."

"अंडं?"

"दोन प्रकारे."

"घरी मी दोन वर्षं वाटाणा दाखवतेय. ताट उचलून फेकते." लेकीनं वही मिटली. "पण बाबा, पोर उपाशी ठेवलीत. याला धड जेवण म्हणत नाहीत. अट अट असते."

झाऱ्याला अटी कळतात. शेऱ्यावर वाद घालायचा नसतो, हे तोच म्हणत होता ना! त्यानं मान हलवली आणि तव्याकडे वळला, कारण पॅनकेक तव्यावर होता. उलटेपर्यंत एक बाजू काळी झाली होती.

शेंगेनं तो पॅनकेक ताटलीत घेतला, आईपुढे धरला. "तू चाख. आज मी दमलेय."

"मला भूक नाही."

"भूक नको. चाखायचंच आहे. पोरं थांबलीत."

खरंच, चारही पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. भाचीनं तुकडा तोडला. तोंडात घातला. आणि मला एकदम लक्षात आलं. झारा तर पहाटे चारला घर सोडायचा. घरात स्वयंपाक आईचा. चारशे लोक याच्या हातचं रोज जेवायचे, पण याच्या लेकीनं त्या बुटक्या खिडकीपुढे कधी हात धरला नव्हता.

ती सावकाश चावत राहिली. झारा तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या हातांकडे बघत होता.

"नापास," ती म्हणाली. "एक बाजू करपलीय. आणि साखर जास्त."

झाऱ्याचा चेहरा असा खुलला! "किती जास्त? चमचा की अर्धा?"

"अर्धा."

"अर्धा!" त्यानं नवं पीठ कालवलं. दुसरा पॅनकेक. नापास, मध्ये कच्चा. शिंप्याच्या पोरांनी आकाशाकडे बघून हात जोडले. तिसरा पॅनकेक तिनं पूर्ण खाल्ला, बोटं पुसली आणि वहीत सही केली. मग पोरं तव्यावर तुटून पडली आणि दहा मिनिटं कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

ती टेबलाशी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "महिना नाही. पंधरा दिवस ठेवते."

"पंधरा," झारा म्हणाला. "चालेल."

"रोजची वही मला फोनवर वाचून दाखवायची. ती काय म्हणते ते सगळं."

"लपवलंय कधी मी काही?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

शेंगेला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. ती तोवर झाऱ्याच्या पिशवीत हात घालून उद्याचं काय काय आहे ते तपासत होती. कांदा सापडला, तो तिनं बाजूला ठेवला.

मग भाचीनं गाडीची डिकी उघडली. मला वाटलं पंधरा दिवसांचे कपडे आणायला आता परत शहरात जाईल. पण डिकीत एक मोठी बॅग होती, फुगलेली, दोन्ही कुलुपं लावलेली. झाऱ्यानं ती उचलली, वजनानं एका बाजूला कलला आणि काही न विचारता चालू लागला.

आमची ही बॅगेकडे बघत माझ्या कानाशी आली. "अहो, पंधरा दिवसांना एवढे कपडे? यात तर महिन्याचे आहेत."

मी म्हणालो, "गप्प बस. आणि तुझ्या भावाला मात्र सांगू नकोस."